एक गडी कमी

शेजारणी एकमेकींच्या दारात काय मागायला येतात? विरजण, कढीपत्ता, फार तर पाहुणे आले म्हणून दोन खुर्च्या. शकूमावशी आमच्या दारात पहिल्यांदा आली ती खेळाडू मागायला.

आम्ही सुरतेत, दिंडोलीतल्या त्या सोसायटीत नुकते राहायला आलो होतो. निम्मी खोकी अजून उघडायची होती. संध्याकाळी बेल वाजली म्हणून दार उघडलं, तर साठीला टेकलेल्या एक बाई उभ्या. सुती साडी, पदर कमरेला करकचून खोचलेला, पायात मुलाचे जुने कॅनव्हासचे बूट आणि हातात रबरी चेंडू. जिना चढून आल्यामुळे दम लागला होता, पण बोलण्याची घाई दमापेक्षा मोठी होती.

"तुमच्याकडे कोणी खेळणारं आहे का?"

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली. "कोण हवंय?"

"खेळणारं. लहान, मोठं, कसंही चालेल. लगोरी मांडलीये खाली, एक गडी कमी पडतोय."

आतून ह्यांनी विचारलं, "कोण आहे गं?"

"खालच्या मजल्यावरच्या बाई आहेत. गडी मागतायत."

"आपल्याकडे कुठला गडी? आपणच करतो सगळं," हे आतून म्हणाले. मावशी खळखळून हसली. पुढे दाराशी आली की ती ह्यांनाच हाक मारायची, "काय गडी, येता का?"

तिचं पूर्ण नाव शकुंतला. शिरपूरकडचं माहेर. नवरा लूम कारखान्यात मुकादम होता, तो वारून बरीच वर्षं झालेली. एकुलता एक मुलगा रवींद्र हजिऱ्याच्या एका कारखान्यात चांगल्या नोकरीला. सकाळी कंपनीची बस त्याला घेऊन जायची ती दिवस मावळताना आणून सोडायची. सून शाळेत शिकवायची. घरात करण्यासारखं तिला फारसं काही उरलं नव्हतं, आणि बसून राहायची तिची मुळीच तयारी नव्हती.

आमच्याशी ती मराठी बोलायची, सोसायटीतल्या गुजराती बायकांशी खानदेशी वळणाचं गुजराती, आणि खेळ रंगात आला की अहिराणी. तेव्हा तिच्या तोंडी 'पळ' राहायचं नाही, 'पय' व्हायचं. "पय व, पय!" ही तिची आरोळी चौथ्या मजल्यावर टीव्ही चालू असतानाही ऐकू यायची. सोसायटीतली पटेलांची, यादवांची, कुणाकुणाची पोरं आपसात हिंदी-गुजराती बोलायची, पण खेळताना एकमेकांना 'पय, पय' असंच ओरडायची. ती तिला शकुमासी म्हणत. एकाने एकदा 'बा', म्हणजे आजी, म्हटलं, तर तिने त्याला तिथल्या तिथे बाद केलं.

लगोरीच्या चकत्या म्हणजे बिल्डरने मागे टाकून दिलेल्या फरशीचे तुकडे. ते तिने स्वतः घासून गोल केले होते. इथली पोरं लगोरीला सतोडियुं म्हणतात. नाव काहीही म्हणा, पण खेळ मी सांगेन तसा, असा तिचा खाक्या. आणि हे मला सांगायलाच हवं की ती भयंकर रडी खेळायची. चेंडू पाठीत सणसणीत बसल्याचा आवाज सगळ्या पार्किंगला ऐकू जायचा, आणि ही शांतपणे म्हणायची, "पदराले लागना. माले कोठे लागना?" पोरं चवताळायची. ती त्यांच्या बरोबरीने चवताळायची. मग कट्टी. दहा वर्षांच्या पोराशी कट्टी घेऊन ती खांबाला टेकून तोंड फिरवून उभी राहायची, आणि तिच्यावाचून डाव पुढे सरकेना झाला की पोरंच तिला मनवायला जायची. शेवटी सर्वांनी मिळून नियम केला की पदर हा मासीचाच भाग धरला जाईल.

लोकांना वाटायचं, बाई मुलांच्या तब्येतीसाठी केवढं करते! एकदा कोणीतरी तिला तसं म्हणालंही. ती गोंधळली. "मी कसाले करू त्यांच्यासाठी? माले खेळायचं शे, म्हणून बोलावते. एकटीने लगोरी खेळता येते का?"

हे अगदी खरं होतं. मुलांना वळण लावावं, मोबाइल सोडवावा, असलं काही तिच्या मनात नसायचं. कोणाला तिने व्यायामाचे फायदे सांगितल्याचं मला आठवत नाही. तिला खेळायची भूक होती आणि गडी मिळत नव्हते. मुलं घराघरात, खोल्याखोल्यांत बसलेली. ती मजल्यामजल्यावर जाऊन त्यांना गोळा करायची, तेही लिफ्ट न घेता. कारण विचारलं तर म्हणायची, "त्या डब्यात कोणी भेटत नाही. जिन्यात कोणी ना कोणी सापडतं."

आमच्या घरात खेळणारं कोणी नव्हतं. होती ती सानिका, आमची मुलगी. तेव्हा अकरावीत होती.

लॉकडाऊनमध्ये तिची शाळा तिच्या पलंगावर आली, आणि बाकीच्यांच्या शाळा परत गेल्या तरी सानिका काही त्या पलंगावरून उठली नाही. आधी ऑनलाइन क्लास, मग ऑनलाइन क्लासचे रेकॉर्डिंग, मग त्याला कंटाळा आला म्हणून मोबाइल, मग मोबाइल फार झाला म्हणून झोप. पडदा ओढलेला, दार लोटलेलं. सोळाव्या वर्षी ती उठताना भिंतीचा आधार घ्यायची. पाठ दुखायची. अंग वाढलं, तसं तिचं बोलणं कमी झालं. डॉक्टर म्हणाले, औषध काही नको, हलायला लावा. म्हणून आम्ही हप्त्यावर ट्रेडमिल आणलं. पहिला आठवडा ते चाललं, मग त्यावर ओढण्या वाळू लागल्या. सांगून झालं, रागावून झालं, वजनाचा काटा आणून झाला. नाशिकला माझ्या भाचीच्या लग्नात भेटेल ती बाई तिचा दंड धरून म्हणायची, "केवढी झालीस गं!" त्यानंतर तिने लग्नाला येणंच सोडलं. फोटो काढायची वेळ आली की ती फोन हातात घ्यायची, म्हणजे स्वतःला उभं राहावं लागू नये.

मावशी रोज विचारायची. सानिका आतून रोज उत्तर द्यायची, "मला नाही येत." मावशी "बरं" म्हणून पुढच्या दाराकडे वळायची. तिने कधी आग्रह केला नाही, की मला बाजूला घेऊन 'पोरीकडे लक्ष द्या' असं सांगितलं नाही.

एके दिवशी ती दारात असतानाच घरातली वीज गेली. मीटरची पेटी दाराच्या वर, उंचावर. मी स्टूल शोधत होते, तेवढ्यात सानिका खोलीतून आली, टाचा उंचावून तिने हात वर केला आणि बटण दाबलं. मावशी बघतच राहिली.

"अगं माय, हिचा हात केवढा लांब शे!"

सानिकाने पटकन हात खाली घेतला.

"खरंच सांगते. एवढा लांब हात आख्ख्या बिल्डिंगमधी कोणाचा नाही. तो यादवांचा पोरगा लगोरी फोडतो म्हणून एवढा नाचतो. ही फोडू लागली तर..." मग माझ्याकडे न बघता थेट तिलाच, "तू माझ्याकडून खेळ. दुसऱ्या टोळीत जायचं नाही, आत्ताच सांगते."

"मला पळता येत नाही, मावशी."

"पळायला बाकीचे शेतना. तू फक्त मार."

माझ्या मुलीच्या अंगाबद्दल इतक्या वर्षांत इतकं काय काय बोललं गेलं होतं. पण ते कशाच्या तरी उपयोगाचं आहे, असं कोणी म्हणालं नव्हतं. सानिकाने माझ्याकडे पाहिलं, मग मावशीकडे पाहिलं, आणि घरातल्या स्लिपरांवरच ती जिना उतरली.

मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. पहिला चेंडू लगोरीवरून, भिंतीवरून, थेट मागच्या रिकाम्या प्लॉटमध्ये गेला. ज्याने घालवला त्याने आणायचा, हा मावशीचा नियम. मला वाटलं, आता ही वर येणार आणि दार लावून घेणार. ती फाटकातून बाहेर पडून वळसा घालून प्लॉटमध्ये गेली. बऱ्याच वेळाने परत आली. पायजम्याला कुसळं चिकटलेली, चेहरा लालबुंद. गुडघ्यांवर हात ठेवून ती नुसती श्वास घेत उभी होती. मावशीने पाठीवर हात वगैरे फिरवला नाही. चेंडू तिच्या हातात परत दिला आणि म्हणाली, "आता थोडं खाली मार."

हे असं सुरू झालं. रोज नाही. कधी पाय दुखतात म्हणून नाही, कधी परीक्षा म्हणून नाही. पण सहा वाजले की ती खोलीत बसल्या बसल्या कान टवकारायची हे मला दिसायचं. जिन्यावर बुटांचा आवाज आला की म्हणायची, "आली बघ तुझी मैत्रीण." आणि ओढणी शोधायला लागायची.

पार्किंगमधल्या त्या खेळावर एकदा गदा आली. आमचे सेक्रेटरी जयंतीभाई. माणूस सरळ, पण नवी गाडी घेतलेली. सानिकाच्याच एका फेकीने गाडीचा आरसा फुटला. सानिका घरी येऊन रडली. "मी आता जाणारच नाही," म्हणाली. रविवारी मीटिंग बोलावली गेली. खाली सतरंज्या अंथरल्या. जयंतीभाई मावशीला म्हणाले, "माजी, आ पार्किंग छे, मेदान नथी. छोकरांओने रमवुं होय तो मोबाइलमां रमे ने!"

आरसा सानिकाने फोडला हे सगळ्यांना ठाऊक होतं. मावशी उभी राहिली आणि म्हणाली, "आरसा मी फोडला."

"तमे?"

"मी टोळीची मुख्य शे. माझ्या गड्याने फोडला म्हणजे मीच फोडला. पण मोबाइलमधी खेळायचं म्हणता, ते काय खेळ शे का? बसून बसून माणसाला उठता बी येत नाही मग. तुम्ही हात न टेकता सतरंजीवरून उठून दाखवा बरं."

"तमे करी बतावो," जयंतीभाई म्हणाले.

"बघा हां." ती मांडी घालून बसली. दोन्ही हात छातीशी बांधले, अंग पुढे झुकवलं, उठली, निम्म्यात आली आणि धाडकन् बाजूला कोसळली ती थेट जयंतीभाईंच्या बायकोच्या मांडीवर. जयंतीभाईंची बायको हसायला लागली. ती हसता हसता मावशीला उठवायला गेली, तर तिलाही उठता येईना. मग सगळी मीटिंगच हसायला लागली. जयंतीभाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. मावशी पदर झटकत म्हणाली, "सतरंजी सरकली. हे धरायचं नाही."

सानिका माझ्या शेजारी बसली होती. कितीतरी दिवसांनी तिला मी पोट धरून हसताना पाहिलं.

निर्णय झाला तो असा की पार्किंगमध्ये खेळ बंद. गल्लीच्या टोकाला, कॅनॉलच्या बाजूला एक मोकळा प्लॉट होता, तो जयंतीभाईंच्या ओळखीतल्याचा निघाला. तिथे सकाळी खेळायला त्यांनीच परवानगी आणून दिली. सकाळी म्हणजे क्लासच्या आधी. सानिका साडेसहाला उठेल यावर माझा विश्वास नव्हता. ती उठायची, कारण मावशी खालून सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशी तिचं नाव घेऊन हाक मारायची, आणि त्या हाकेची तिला लाज वाटायची.

मावशीला बसायचा एवढा तिटकारा का, ते मला पुढे केव्हातरी कळलं. दुपारची वेळ होती. सानिका आणि मी तिच्याकडे ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी खायला गेलो होतो. तिने केलेली ती भाकरी आणि वर ठेचा, तेलाची धार. खाताना सानिकाने सहज विचारलं, "मावशी, तुम्ही लहानपणी खूप खेळायच्या का?"

"सातवीपर्यंत. खो-खो. मग लगीन झालं, सुरतला आले." तिने तव्यावर भाकरी उलटली. "लिंबायतला एक खोली होती. हे रात्रपाळीला. मी घरी साड्यांना टिकल्या चिकटवायचे. सकाळी बसायचं ते दिवे लागेपर्यंत. माझ्या डाव्या बाजूला शेजारीण, उजव्या बाजूला तिची लेक, पुढ्यात साडी ताणलेली. उठलं की काम मागे पडतं. पाणी कमी प्यायचं, म्हणजे उठावं लागत नाही."

"किती दिवस?"

"दिवस?" ती हसली. "रवी पोटात होता तेव्हा बी बसलेली, तो कॉलेजात गेला तेव्हा बी बसलेली. मनी सगळी जवानी बठी बठीसन गई."

सानिका म्हणाली, "कंटाळा नाही यायचा?"

"कंटाळा करायला उठून दुसरीकडे जावं लागतं ना व. पाय सुन्न व्हायचे. एकदा आग लागली म्हणून ओरडा झाला, सगळे पळाले, आणि माले उठताच येईना. पाय हायेत का नाहीत, कळेना. शेजारणीने ओढत नेलं. आग बिग काही नव्हती, कोणाची तरी शेगडी भडकली होती." भाकरी सानिकाच्या ताटात टाकत ती म्हणाली, "लोक म्हणतात, बसा आरामात. बसणं हे काम शे. आराम नही."

 घरी जाताना लिफ्टचं बटण दाबायला गेलेला माझा हात तिने धरला, आणि आम्ही जिन्याने गेलो.

बारावीच्या वर्षी पावसाळा सरता सरता ते झालं. सकाळची वेळ. मी डबा भरत होते. कॅनॉलजवळच्या प्लॉटवर डाव चालू होता. पुढचं मला सानिकाने आणि इतर मुलांनी तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. मावशी लगोरी रचायला वाकली होती. दोन चकत्या ठेवल्या, आणि ती तिथेच मातीत बसली. मुलांना वाटलं, ही नवी युक्ती, कोणी जवळ आलं की उठून पळणार. एकाने चेंडू मारायला हातही उगारला. सानिकाने त्याचा हात धरला. खेळात मावशी कधी बसलेली तिने पाहिली नव्हती.

जवळ गेली तर मावशीच्या कपाळावर घामाचे थेंब, ओठ पांढरे, हात छातीवर. "काही नही व्हयनं," ती म्हणाली, "जरा दम लागना."

गटाराच्या कामासाठी गल्ली अर्ध्यात खणून ठेवली होती. गाडी आत यायचा प्रश्नच नव्हता. एका मुलाने फोन करून रुग्णवाहिका बोलावली, पण ती येणार तरी कुठपर्यंत, आणि केव्हा? मोठा रस्ता चांगला लांब. सानिकाने दोघांना मावशीजवळ थांबवलं आणि ती पळाली. खणलेल्या मातीवरून, पाइपांवरून, चिखलातून. मोठ्या रस्त्यावर तिने आडवी जाऊन रिक्षा थांबवली आणि खड्ड्याच्या अलीकडे उभी केली. मग परत आत पळाली. चार मुलांनी मिळून मावशीला हाताच्या पाळण्यावर उचललं. सानिका सर्वांत उंच, म्हणून तिने डोक्याची बाजू घेतली. रिक्षात मावशीचं डोकं तिच्या मांडीवर होतं.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा मावशी आत होती. रवींद्र हजिऱ्याहून निघाला होता, पोचला नव्हता. सानिका व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होती. एक चप्पल पायात, दुसरी कुठेतरी चिखलात राहिलेली. डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, हृदयविकाराचा झटका आहे, वेळेत आणलंत म्हणून बरं, आता धोका टळेल. ते गेले आणि सानिका माझ्या गळ्यात पडली.

"मम्मी, मी पळले," ती म्हणाली. "थांबलेच नाही. मला वाटलं होतं मध्येच थांबेन. मम्मी, मी सगळं पळले."

ती रडत होती आणि तेच तेच सांगत होती. मी तिला धरून उभी राहिले. तिच्या पाठीला घाम होता आणि हृदय धडधडत होतं, ते मला माझ्या अंगावर कळत होतं.

मावशी वाचली. पण तिच्या हृदयाचा मोठा भाग निकामी झाला होता. घरी आल्यावर तिला पलंग दिला गेला. रवींद्र दिवसरात्र धास्तावलेला. "आई, आता उठायचं नाही," एवढंच त्याचं म्हणणं. त्याचंही चुकत नव्हतं. डॉक्टरांनी हळूहळू चालायला सांगितलं होतं, तर हा त्यातलं 'हळूहळू' तेवढं ऐकायचा. सानिका क्लासहून आली की तिथे जायची. मावशीला धरून खोलीतून व्हरांड्यापर्यंत न्यायची, परत आणायची. सून म्हणायची, "आमच्या कोणाच्या हाताने त्या उठत नाहीत, ह्या पोरीच्या हाताने उठतात."

हिवाळ्यात रवींद्रला हजिऱ्याच्या कंपनीच्या वसाहतीत घर मिळालं. तळमजल्यावर, दवाखाना जवळ. सामान गेलं त्या दिवशी मावशीने लगोरीच्या चकत्या यादवांच्या मुलाला देऊन टाकल्या. तो दुसऱ्या टोळीचा होता. सानिकाला याचं फार वाईट वाटलं. तिने विचारलं तर मावशी म्हणाली, "तुले दिल्या तर तू जपून ठेवशील. तो खेळेल."

खेळ काही दिवस चालला, मग मोडला. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत पुन्हा सुरू झाला. आता कधी असतो, कधी नसतो. पोरं परत मोबाइलवरही असतात. सानिका कॉलेजात जाते. तिचं वजन थोडं उतरलं, थोडं परत आलं. ती काही धावपटू झाली नाही. पण पाठ दुखायची थांबली, पडदा उघडा असतो, आणि लग्नात फोटोला ती मागच्या रांगेत का होईना, उभी राहते. ट्रेडमिल आम्ही विकून टाकलं.

पुढच्या वर्षी, थंडी सुरू व्हायच्या दिवसांत, सकाळी रवींद्रचा फोन आला. मावशी झोपेतच गेली होती. आम्ही गेलो, पण त्या दिवशीचा तिचा चेहरा मला आठवत नाही, किंवा मी तो आठवू देत नाही. मला आठवते ती त्याच्या महिनाभर आधीची संध्याकाळ.

आम्ही दोघी तिला भेटायला गेलो होतो. ती खूप वाळली होती. गळ्याची हाडं वर आलेली, आवाज बसलेला. रवींद्रने तिला आणि आम्हाला गाडीत घालून सुवालीच्या किनाऱ्यावर नेलं. एवढी वर्षं सुरतेत राहून मावशीने समुद्र नीट पाहिला नव्हता. वेळच मिळाला नाही, म्हणाली.

ओहोटी होती. तिथला समुद्र मागे हटला की फार लांब जातो. काळपट ओली वाळू पसरलेली आणि तिच्या पलीकडे पाण्याची नुसती चमकती रेघ. मक्याची कणसं भाजणारा एक गाडीवाला होता, रवींद्र त्याच्याकडे गेला. आम्ही तिघी चादरीवर बसलो. मावशी त्या रेघेकडे बघत होती. मग सानिकाच्या खांद्यावर हात ठेवून उठली, चपला काढल्या आणि पदर खोचला.

सानिका उठायला लागली. मावशीने तिचा खांदा दाबला.

"तू बस. मी जाईसन येस."

"मावशी, खूप लांब आहे ते."

"दिसतं ना माले."

आणि ती निघाली. थोडी चालायची, कमरेवर हात ठेवून थांबायची, पुन्हा चालायची. प्रत्येक वेळी थांबली की मला वाटायचं, आता बसेल. ती बसली नाही. सानिकाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती आवाज न करता उठली आणि खूप मागून, मावशीला चाहूल लागणार नाही एवढं अंतर ठेवून चालू लागली. मावशी थांबली की हीही थांबायची. मावशीने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

वाळूत त्या दोघी लहान लहान होत गेल्या. कणसं घेऊन आलेला रवींद्र माझ्या शेजारी उभा राहिला. तो हाक मारणार होता. त्याचं तोंड उघडलंही, पण त्याने हाक मारली नाही.

पाण्यापाशी पोचल्यावर मावशी वाकली. ओंजळ भरून तिने ते पाणी डोळ्यांना लावलं, कपाळाला लावलं. सूर्य अगदी टेकला होता. आता वळेल, असं मला वाटलं. तिने दोन्ही हातांनी निऱ्या पोटऱ्यांच्या वर उचलल्या, आणि ती पाण्यात आणखी पुढे चालू लागली.